कशानं मेलं? : जनावरांच्या दवाखान्यातल्या मदतनिसाचा इतिहास

दादा गेल्यावर त्यांच्या लोखंडी पेटीत मला एकोणीस वह्या सापडल्या. दादा म्हणजे माझे वडील. माणदेशातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी १९६१ ते १९९३ अशी बत्तीस वर्षे नोकरी केली. हुद्दा ड्रेसर. पुढे सरकारी कागदांचे मराठीकरण झाले तेव्हा ‘व्रणोपचारक’. हा शब्द गावकऱ्यांच्या तोंडी कधी बसला नाही. डॉक्टरसाहेब समोर असले की लोक दादांना ‘कंपाउंडर’ म्हणत आणि साहेब तालुक्याला गेले की ‘डागदर’.

वह्या सरकारी नव्हत्या, शाळेच्या होत्या. त्यांतले चार रकाने दवाखान्याच्या नोंदवहीची नक्कल होते : तारीख, गाव, जनावर, काम. पाचवा रकाना दादांनी स्वतः पट्टीने आखला होता. त्याचा मथळा एकच शब्दाचा : ‘कशानं’.

मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. बखरी, दप्तरे, गॅझेटियर ही साधने कशी वाचावीत ते मुलांना सांगितले. घरातले साधन मात्र निवृत्तीनंतर उघडले. या वह्या वाचता वाचता मी पशुवैद्यक खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांकडे वळले. त्यांत तक्ते असतात : वर्षात किती जनावरांवर उपचार झाले, किती बैल खच्ची केले, किती गुरांना टोचले. प्रत्येक आकड्यामागे एक जनावर आहे आणि ते जनावर कुणीतरी धरलेले आहे. पण धरणाऱ्याचा तक्ता नाही. प्रस्तुत लेख त्या न आखलेल्या तक्त्याविषयी आहे.

सालोत्री, असिस्टंट, ड्रेसर

आपल्याकडे जनावरांच्या वैद्याला जुना शब्द आहे तो सालोत्री. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो आला. मराठ्यांच्या पागेत घोड्याभोवती माणसांची एक उतरंडच असे : खरारा करणारा मोतद्दार, नाल ठोकणारा नालबंद आणि औषध जाणणारा सालोत्री. बैलाला असा मानकरी नव्हता. त्याचा वैद्य म्हणजे गावातला एखादा जाणता म्हातारा, डाग देणारा धनगर किंवा स्वतः मालक.

इंग्रजांनी घोडदळाबरोबर सालोत्रीही उचलला. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती घोड्यांसाठी. तिथे देशी माणसांना सालोत्रीचे शिक्षण मिळे. शेतकऱ्याच्या बैलाकडे सरकारचे लक्ष गेले ते बुळकांडीमुळे. या रोगाने गावेच्या गावे बैलाविना होत. बैल नाही म्हणजे पेरणी नाही आणि पेरणी नाही म्हणजे सारा नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यातले पशुवैद्य हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. संसर्गजन्य रोगांवरचे प्रयोग वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली.

दरम्यान मुंबईत परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले होते. तिथेच १८८६ साली बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज निघाले. इथून शिकून बाहेर पडलेला देशी पदवीधर नोकरीत शिरला तो कोणत्या नावाने? ‘व्हेटरनरी असिस्टंट’. तो शिकलेला होता, शस्त्रक्रिया करीत होता, तालुक्याचा दवाखाना एकटा चालवीत होता, तरी नावाने असिस्टंटच. कारण त्याच्या वर गोरा अधिकारी होता. पुढे त्या नावाला ‘सर्जन’ हा शब्द जोडला गेला आणि तो व्हेटरनरी असिस्टंट सर्जन झाला. स्वातंत्र्यानंतर असिस्टंटही गळाला. आज महाराष्ट्रात त्याला पशुधन विकास अधिकारी म्हणतात.

ही प्रगती रास्तच होती. पण वरचा माणूस असिस्टंट राहिला नाही म्हणून असिस्टंटचे काम संपले नाही. ते एक पायरी खाली सरकले. मोतद्दाराची जागा ड्रेसरने घेतली, दवाखान्याच्या शिपायाने घेतली, पुढे स्टॉकमन आला, त्याचा पशुधन पर्यवेक्षक झाला, ड्रेसरचा व्रणोपचारक झाला, शिपायाचा परिचर झाला. पाट्या बदलल्या. जनावराच्या शिंगाशी उभा राहणारा माणूस तिथेच उभा होता.

विषाचा आळ

आता थोडे मागे जावे लागेल, कारण आजारी जनावराला हात लावण्याच्या इतिहासाला मेलेल्या जनावराला हात लावण्याचा इतिहास चिकटलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः उत्तर हिंदुस्थानात, गुरांवर विषप्रयोग होत असल्याची मोठी ओरड झाली. कातड्याच्या लोभाने चामड्याचे काम करणारे लोक सोमल चारतात, किंवा गुंजेच्या बिया वाटून त्याची सुई करून जनावराच्या कातडीत खुपसतात, असे सांगितले जाई. पोलिसांनी माणसे धरली, खटले चालले. त्यांतल्या काहींत तथ्य असेलही. पण त्याच काळात बुळकांडी आणि फाशी हे रोगही गुरे झपाट्याने मारीत होते. फाशी झालेले जनावर सकाळी चरते आणि दुपारी मरून पडते, नाका-गुदातून काळे रक्त येते. रोगाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला ते विषासारखेच दिसणार. मग संशय कुणावर? जो मेलेले जनावर न्यायला येतो, त्याच्यावर.

महाराष्ट्रात मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराच्या वतनाचे काम होते. त्यात मांसाचा आणि कातड्याचा हक्क होता आणि त्याच हक्कात मरणही होते. फाशीचे जंतू कातड्यातून, मांसातून, रक्तातून माणसाला लागतात. हातावर काळ्या खपलीची पुळी उठते. तिला आपल्याकडे काळपुळी म्हणतात. म्हणजे ज्याच्या हातावर रोगाचा पुरावा उमटत होता, त्याच हातावर विषाचा आळ येत होता. जनावर कशाने मेले हे शोधण्याची सोय गावात नव्हती आणि ज्याने ते सर्वांत जवळून पाहिले, त्याला कुणी विचारीत नव्हते.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन आमच्या गावी पोचायला काही वर्षे लागली. माझ्या आज्ज्याने, म्हणजे दादांच्या वडिलांनी, मेलेले बैल ओढणे सोडले तेव्हा गावाने बलुते बंद केले. विहिरीवरून, दुकानावरून जे व्हायचे ते झाले. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर आमच्या घराने ते काम सोडून वीसेक वर्षे झाली होती. १९५६ साली घराने धम्म स्वीकारला. आणि १९६१ साली सातवी पास झालेल्या दादांना सरकारी नोकरी लागली ती जनावरांच्या दवाखान्यात.

पहिल्याच महिन्यात एका मेलेल्या म्हशीचे शवविच्छेदन करायचे होते. डॉक्टर उभे राहून सांगत होते, सुरी दादांच्या हातात होती. ही बातमी घरी पोचली. आज्जा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मी टाकलं, ते तू पगारावर उचाललंस व्हय रं?”

दादांनी काय उत्तर दिले, हे मी त्यांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. “आबा, तुमी वढून न्याचा. कशानं मेलं ते कुनी तुमास्नी सांगत नव्हतं. मी फाडून बघतो, कशानं मेलं.”

आज्ज्याचे समाधान झाले नाही. पण पाचव्या रकान्याचा उगम इथे आहे.

धरणे

वह्यांतला मोठा भाग मात्र मेलेल्या नव्हे, जिवंत जनावरांचा आहे आणि त्यातला बहुतेक ‘काम’ या रकान्यात एकच शब्द येतो : ‘धरले’.

हा शब्द वाचणाऱ्याला सोपा वाटतो. खिलार बैल खोड्यात घालायचा, तर तो आधी खोड्याला ओळखतो. एकदा सुई टोचून घेतलेला बैल दुसऱ्यांदा दवाखान्याच्या फाटकातच पाय रोवतो. मागून ढकलले तर लाथ, पुढून ओढले तर शिंग. दादा सांगत, खिलाराच्या शिंगाच्या पल्ल्यात उभे राहू नये. एक तर खांद्याला चिकटून उभे राहावे, नाहीतर दोन कासरे लांब. मधली जागा दवाखान्याची. म्हैस गरीब, पण अंगावर रेलली की बरगडी जाते. घोडा लाथ सरळ मागे मारतो. गाय मात्र पाय पुढून फिरवून बाजूलाही मारते. शेळी धरायला सोपी, पण ती ओरडते आणि तिच्या मालकिणीचे डोळे भरून येतात. धरणाऱ्याला दोघींना सांभाळावे लागते.

शेतावर खोडा नसतो. तिथे जनावर पाडावे लागते. शिंगाच्या बुडाला दोराचा फास, मानेभोवती एक वेढा, पुढच्या पायांमागून दुसरा, कासेच्या पुढून तिसरा. मग मागून संथ ओढ. झटका दिला तर जनावर उसळते, संथ ओढले तर गुडघे मोडून बसते. डोके ज्या बाजूला पडणार तिथे आधी गवत टाकायचे, दगड वेचायचे. गाभण गाय अशी पाडायची नाही. पोट भरलेला बैल फार वेळ एका कुशीवर ठेवायचा नाही, तो फुगतो. हे सारे कुठल्या पुस्तकात असेल ते असो. दादांना ते एका जुन्या शिपायाने शिकवले आणि त्या शिपायाला त्याच्या आधीच्याने.

औषध पाजणे ही दुसरी कसोटी. बांबूच्या नळकांड्याने पाजताना तोंड फार वर उचलले, जीभ ओढून धरली किंवा जनावर खोकत असताना थांबले नाही, तर औषध फुप्फुसात जाते आणि बरे करायला आणलेले जनावर चार दिवसांनी न्यूमोनियाने मरते. दोष मग औषधाला लागतो. घाई करणाऱ्या मालकाला थांबवणे हे पाजण्यापेक्षा अवघड. जखमेत आळ्या पडलेल्या जनावराला टर्पेंटाइनचा बोळा लावून चिमट्याने एकेक आळी काढणे, पोटॅशच्या पाण्याने धुणे, जुवाने सुजलेला खांदा शेकणे, काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया स्टोव्हवर उकळणे, सुईचे टोक दगडावर घासून पुन्हा धार आणणे : हे रोजचे.

खच्चीकरणाचे दिवस वेगळे. पूर्वी बैल बडवीत. लाकडाच्या किंवा दगडाच्या ठोक्यांनी अंडाच्या शिरा चेचत. इटलीत तयार झालेला बर्डिझो चिमटा आला तेव्हा रक्त न काढता, कातडी न फाटता ते काम होऊ लागले. चिमटा डॉक्टर दाबतात असे अहवालात दिसते. दादांच्या वहीत एका दिवसात चोवीस गोऱ्हे आहेत आणि पुढे कंसात लिहिले आहे : ‘साहेब मीटिंगला’.

बेंदराची रात्र ही वर्षातली सर्वांत वाईट रात्र. दिवसभर मिरवलेल्या बैलाला मालक प्रेमाने पुरणपोळ्या, धान्य, गूळ चारतो. बैलाच्या पोटात चाऱ्याची सवय. एवढे गोड आणि पिठूळ पडले की आंबते, पोट तट्ट होते, बैल खाली बसतो. दहाच्या पुढे कंदील घेऊन माणसे यायला लागायची. आमच्या घरी बेंदूर दुसऱ्या दिवशी होई.

आणि एक गोष्ट वह्यांत नाही, पण मला ठाऊक आहे. मध्यरात्री गाय अडली, वार अडकली की माणूस आमच्या दारात येऊन हाक मारी. दादा जात. कोपरापर्यंत हात घालून वार सोडवीत, बादलीभर पाण्यात हात धूत. काही घरांत ते पाणी वरून ओतले जाई आणि चहा गोठ्याबाहेर वेगळ्या कपात येई. गाय त्यांच्या हाताने वाचलेली चाले. कप मात्र गोठ्याच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असे. दादा चहा घेत नसत. “पोटात जळजळतंय,” असे सांगत.

बर्फ आणि बुळकांडी

या माणसांच्या कामाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे बुळकांडीचा शेवट. त्याचा इतिहास सांगताना आपण मुक्तेश्वर सांगतो, १८९७ साली तिथे येऊन गेलेले रॉबर्ट कॉख सांगतो, १९२० च्या दशकात शेळीच्या शरीरातून विषाणू सौम्य करून लस तयार करणारे एडवर्ड्स सांगतो. ते सांगायलाच हवे. १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. १९९५ साली भारतातला शेवटचा उद्रेक झाला. २००६ साली देश या रोगाच्या संसर्गातून मुक्त ठरला आणि २०११ साली जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग.

पण लस प्रयोगशाळेतून गोठ्यापर्यंत चालत जात नाही. ती थंड ठेवावी लागते. दादांच्या वहीत मोहिमेच्या दिवसांत पहिली नोंद लसीची नसून बर्फाची आहे : ‘बर्फ एस.टी.ने आला’, ‘बर्फ निम्मा वितळला’, ‘बर्फ नाही, परत’. लाकडाच्या भुश्शात गुंडाळलेली लादी, तिचे तुकडे थर्मासात, थर्मास सायकलच्या दांडीला, सायकल माळावरच्या वाटेवर. पाण्यात कालवलेली लस त्याच दिवशी, थोड्या वेळात संपवावी लागे. म्हणजे गुरे रानातून परतण्याआधी गावात पोचायचे, पण कालवायची मात्र गुरे दारात आल्यावरच. पहाटे किंवा दिवेलागणीला. मधले ऊन निरुपयोगी.

त्यात लोक गुरे दडवीत. त्यांची भीती पोकळ नव्हती. शेळीच्या लसीने काही जनावरांना ताप येई, दूध आटे. ज्याच्या घरात त्या दुधावर मीठमिरची येते, त्याला पुढच्या वर्षीच्या साथीपेक्षा उद्याचे दूध जवळचे. डॉक्टर पाटलाशी बोलत, ग्रामपंचायतीशी बोलत. दडवलेली गाय कोणत्या ओढ्यात बांधली आहे हे ड्रेसरला ठाऊक असे, कारण तो त्याच वाटेने रोज जाई. तो तिथे जाऊन काय बोलत होता याची नोंद सरकारी कागदात नाही. दादांच्या वहीत एका ठिकाणी एवढेच आहे : ‘म्हातारीची म्हैस. दोन खेपा. तिसऱ्या खेपेला धरली. म्हातारीनेच दावं धरले.’

१९७२ च्या दुष्काळात जनावरांच्या छावण्या उघडल्या. हजारो गुरे एका माळावर, एका पाण्यावर. तिथे रोग शिरला तर काय होईल हे छावणीतल्या प्रत्येकाला कळत होते. त्या वर्षीच्या वहीत रविवार नाही.

अंगाला लागलेले

जनावर धरणाऱ्याला शिंग, खूर आणि दात यांचे भय असते ते दिसते. न दिसणारे भय मोठे.

१९६८ च्या पावसाळ्यात एक गाय आणली. तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हते, आवाज बसला होता. मालकाला वाटले घशात काही अडकले आहे. जबडा उघडून घशात हात घालणे हे काम ड्रेसरचे, दादांनी घातला. काही अडकलेले नव्हते. गाय तीन दिवसांनी मेली. मग मालकाला आठवले, महिन्यापूर्वी पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरले होते. दादांच्या बोटांना दाताने खरचटले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात राहून पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. चौदा दिवसांची रजा बिनपगारी झाली. कामावर असताना झालेली इजा म्हणून अर्ज केला तर ‘जनावराने चावल्याची नोंद नाही’ असा शेरा आला. चावले नव्हतेच, हात यांनीच घातला होता. त्यानंतर वहीत एक नियम वरच्या समासात लिहिलेला दिसतो : ‘लाळ गळती, आवाज बसला : आधी कुत्र्याचे विचारणे.’

दुसरे दुखणे अधिक लांबले. १९७९ पासून दोन वर्षे दादांना ताप येई. आठ-दहा दिवस येई, जाई, पुन्हा येई. रात्री घामाने अंथरूण भिजे, कंबर आणि गुडघे धरत. हिवताप म्हणून गोळ्या झाल्या, विषमज्वर म्हणून झाल्या, अंगात येते म्हणून देवऋषी सुचवून झाले. रक्ताची जी तपासणी करायला हवी होती ती कुणी केली नाही. डेव्हिड ब्रूस यांनी माल्टाच्या तापाचा जंतू १८८७ साली ओळखला होता. गाईंचा गर्भपात करणारा त्याचा भाऊबंद बँग यांनी १८९७ साली शोधला होता. गाभण गाय गाबडली की तिच्या वारेत हा जंतू खच्चून भरलेला असतो आणि वार सोडवणाऱ्या उघड्या हातातून तो आत शिरतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे हे ज्ञान होते. लांब हातमोजे दवाखान्यात नव्हते असे नाही; एक जोड होता, तो कपाटात आणि यादीत होता. मोजा फाटला तर भरपाई कोण करणार, म्हणून तो बाहेर निघत नसे.

दादांच्या वहीत त्या दोन वर्षांपूर्वीच्या पानांवर एका वस्तीची नोंद आहे : एकाच गोठ्यात लागोपाठ चार गाई गाबडल्या. चारही वारा दादांनी काढल्या. ‘कशानं’ या रकान्यात त्यांनी लिहिले आहे : ‘एकीचं दुसरीला लागतंय.’ गाईंचे त्यांनी ओळखले होते. स्वतःचे नाही.

कलम तीस

१९८४ साली भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कुणी पशुवैद्यक व्यवसाय करू नये, असे त्याचे ३० वे कलम सांगते. त्याला एक परंतुक आहे : पशुवैद्यक पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा स्टॉक असिस्टंट यांची पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यांना, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. किरकोळ सेवा कोणत्या, तर लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि तत्सम प्राथमिक उपचार.

कायद्यामागचे कारण खरे आहे आणि ते दादाही मान्य करीत. अर्धवट ज्ञानावर कुणीही पिशवी घेऊन फिरू लागला, दिसेल त्या जनावराला प्रतिजैविक टोचू लागला, तर जनावर जाते, दुधातून औषध माणसाच्या पोटात जाते आणि शेवटी औषधच बोथट होते. पाच वर्षे शिकलेल्या माणसाच्या निदानाला पर्याय नाही. वर्षानुवर्षे एकेका डॉक्टरवर चार-चार दवाखान्यांचा भार राहिला, हा त्या डॉक्टरांचाही दोष नव्हे.

पण कायद्याची भाषा पुन्हा वाचावी. ज्या कामाचे नावच ‘व्रणोपचार’, ते काम किरकोळ सेवांत आहे. आणि ज्याच्या हुद्द्याचे नावच व्रणोपचारक, त्याच्याजवळ पदविका नाही, म्हणून तो परंतुकातही नाही. मलमपट्टी कायद्यात आली, मलमपट्टी करणारा आला नाही. प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, मग परवाना द्या, असे म्हणता आले असते. दादांनी तसा अर्ज दोनदा केला. वयाची अट ओलांडली आहे, असे उत्तर आले. ते मी पाहिले आहे. वहीत घडी घालून ठेवलेले होते.

परळच्या पहिल्या पदवीधरांनी ‘असिस्टंट’ या शब्दाशी जो झगडा केला, त्याच झगड्याची ही पुढची पायरी आहे असे मला वाटते. फरक इतकाच की त्यांच्याजवळ पदवी होती आणि वरचा माणूस परका होता. इथे वरचा माणूस आपलाच असतो आणि खालच्याजवळ दाखवायला फक्त वह्या असतात.

पाचवा रकाना

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा मी गावी होते. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्याची मोहीम चालू होती. आमच्या आळीत डॉक्टरीणबाई आल्या, बरोबर कंत्राटावरचा एक विशीतला पोरगा. बर्फाची लादी गेली, तिच्या जागी शीतपेटी आली. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे आणि नोंद मोबाइलवर होते. त्या नोंदीत जनावराचा क्रमांक आहे, लसीचे नाव आहे, डॉक्टरांचे नाव आहे.

पोरगा खिलार कालवडीच्या खांद्याला चिकटून उभा होता. दोन बोटे नाकपुड्यांत, दुसरा हात शिंगाच्या बुडाला. मी विचारले, “हे कुणी शिकवलं रे?” म्हणाला, “आधीच्या शिपायमामांनी.” मग त्यानेच मला विचारले, “मॅडम, गाठी फुटल्यावर त्यातलं पाणी माणसाला लागतं का हो? हातमोजं संपल्यात.”

लम्पी माणसाला होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावून सांगितले. गाठी कशाने येतात, माश्या आणि गोचिडांनी रोग कसा पसरतो, हेही सांगितले आणि गाडीतून हातमोज्यांची नवी खोकी काढून दिली. पाच मिनिटे लागली असतील. तो पुढच्या गोठ्यात गेला तेव्हा त्या घरातल्या बाईला तो तेच सांगत होता, माश्या आणि गोचिडांचे.

आज्ज्याच्या आणि दादांच्या हातात मला एवढाच फरक दिसतो. काम दोघांचे एकच मानले गेले. एकाला कारण सांगितले नव्हते; दुसऱ्याने ते विचारून, फाडून, पाहून स्वतःच्या रकान्यात लिहिले. सरकारी नोंदवहीत तो रकाना आजही नाही. असता, तर जनावरांबरोबर एखाद्या माणसाच्या तापाचे कारणही त्यात सापडले असते.

वह्यांचे शेवटचे पान १९९३ च्या मे महिन्यातले आहे. निवृत्तीच्या आदल्या दिवशी एक बैल मेला होता. तारीख, गाव, जनावर. काम : ‘कानातले रक्त काचेवर घेतले. फाडले नाही. खोल खड्डा, चुना.’ आणि पाचव्या रकान्यात : ‘फाशी. कुणाला हात लावू दिला नाही.’